पाच खुर्च्या आणि तात्यांचा जबाब

तात्या उभे राहणार की बसणार, या एका प्रश्नावर आमच्या फिल्मच्या तालमींचा पहिला आठवडा गेला.

भाच्याचं म्हणणं, उभेच. टेबलामागे इंग्रज अधिकारी, दोन्ही बाजूंना पहारा आणि मधोमध छाती काढून तात्या टोपे. मला ते खटकत होतं. तेवीस वर्षं मी ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करते आहे. ज्याच्या गळ्याशी आलं आहे असा माणूस कोर्टात छाती काढून उभा राहत नाही. आपली बोलायची पाळी कधी येणार, याकडे त्याचा सगळा जीव लागलेला असतो. बाकीचं त्याला अर्धंच ऐकू येतं.

शेवटी ठरलं ते असं: आरोप वाचून होईपर्यंत उभे, मग एक स्टूल. पण ते ठरेपर्यंत मला कळून चुकलं होतं, की 'मावशी, जरा कायद्याचं बघून दे' एवढ्यावर माझं काम भागणार नाही.

सुरुवात दिवाळीत झाली. भाचा इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, लग्नांच्या आणि जाहिरातींच्या फिल्म एडिट करतो. लष्करी खटल्यांचे सिनेमे त्याने रात्री जागून पाहिलेले. कडक इस्त्रीचे युनिफॉर्म, बंद खोली, एक तरुण वकील आणि शेवटी उलटतपासणीत मोठा अधिकारी तोल जाऊन खरं बोलून बसतो. त्याला तसंच काहीतरी मराठीत करायचं होतं. मुरारच्या छावणीतला एक जवान, दडपलेला गोळीबार, अशी गोष्ट त्याने रचली होती. फराळाचं ताट हातात धरून मी ती सगळी ऐकली आणि म्हटलं, "अरे, रचतोस कशाला? इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत खरं कोर्ट मार्शल झालंय. आरोपी मराठी माणूस. पकडल्यापासून अकरा दिवसांत सगळं उरकलं."

"कुठे गं?"

"सीपरीला. म्हणजे आपल्या शिवपुरीला."

७ एप्रिल १८५९ च्या रात्री पाडौनच्या जंगलात तात्या झोपेत पकडले गेले. नरवरच्या मानसिंगाने त्यांना धरून दिलं. १० तारखेला मेजर मीडच्या छावणीत त्यांचं निवेदन लिहून घेतलं. १५ ला कोर्ट मार्शल बसलं आणि १८ ला संध्याकाळी फाशी. शाळेत आम्हाला हे दोन ओळींत शिकवलं होतं. मानसिंगाने दगा दिला, इंग्रजांनी फासावर चढवलं. दगा आणि फाशी यांच्यामध्ये एक खटला होता, त्यात आरोप होता, बचाव होता, हे त्या दोन ओळींत कुठे बसत नाही. मी स्वतः वकील होऊनही कधी तिकडे वळून पाहिलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

लष्करी खटला कसा चालतो हे मात्र मला नव्याने शिकावं लागलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त कर्नल राहतात. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या न्यायशाखेत झाली. तीन रविवार आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन बसलो. आमच्या सेशन कोर्टात न्यायाधीश एकटा बसतो आणि कायदा शिकलेला असतो. इथे निवाडा करणारे अधिकारीच. काकांनी १९५० चा आर्मी ॲक्ट पुढ्यात ठेवला आणि एकेक कलम काढत गेले. जनरल कोर्ट मार्शलला निदान पाच अधिकारी लागतात. कायदा समजावून सांगायला जज ॲडव्होकेट असतो, पण त्याला मत नसतं. समोर बसलेल्या कोणत्याही सदस्यावर आरोपी आक्षेप घेऊ शकतो. मतं समसमान झाली तर निकाल आरोपीच्या बाजूने. फाशी द्यायची तर निदान दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. आणि एवढं सगळं होऊनही, वरच्या अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय निकाल आणि शिक्षा लागू होत नाहीत. हे शेवटचं मी वहीत नुसतं टिपून ठेवलं. कागदी सोपस्कार वाटला. पुढे शिवपुरीला गेल्यावर ते पान मी पुन्हा उघडलं, ते येईलच.

मग काकांनी जे सांगितलं त्याने भाचा खुर्चीतून उठलाच. दार बंद झाल्यावर मत विचारायला सुरुवात होते ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून.

"कर्नलने आधी 'दोषी' म्हटलं, तर कॅप्टनच्या तोंडून दुसरं काही निघेल का?" काका म्हणाले. "म्हणून धाकट्याने आधी बोलायचं."

मला हा नियम फार आवडला. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला नियम आहे. भाच्याला तर फिल्मचा शेवट सापडला. बंद खोली, पाच खुर्च्या, मिसरूड फुटलेला एक गोरा लेफ्टनंट, सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत आणि तो अडखळतो. मी नाही म्हटलं. आजच्या कायद्याची खोली १८५९ मध्ये नेऊन ठेवायची, वर एका खऱ्या माणसाच्या मरणावर बेतलेला संशय आपल्या मनाने कोणाच्या तरी तोंडी घालायचा, हे मला जमणार नव्हतं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. मग तोच आला. खुर्च्या पाच राहिल्या, लेफ्टनंट राहिला, पण दार बंद होताना कॅमेरा बाहेर राहिला. दाराच्या फटीतून त्या पोराचा चेहरा दिसतो तेवढाच. नंतर आतलं काही नाही, बाहेर स्टुलावर तात्या.

तात्या फाशी गेलेच नाहीत, दुसराच कोणी लटकवला, अशी एक समजूत आहेच. टीममधल्या एकाला शेवटी तीच कलाटणी हवी होती. तीही आम्ही सोडून दिली. त्याने सगळं लक्ष चेहऱ्यावर गेलं असतं आणि जबाब बाजूला पडला असता.

फिल्मचा जीव मला सापडला तो आरोपाच्या एका वाक्यात. जानेवारी १८५७ ते डिसेंबर १८५८ या काळात, विशेषतः झाशी आणि ग्वाल्हेर इथे, ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड करून युद्ध केलं, असा तो आरोप. कोणतंही आरोपपत्र वाचताना मी पेन्सिल घेऊन बसते, तशीच बसले.

पहिली खूण जानेवारी १८५७ वर. मेरठचे शिपाई उठले १० मे १८५७ ला. जानेवारीत काडतुसांची कुजबुज नुकती कुठे सुरू होत होती. जे घडायला अजून चार महिने आहेत, त्याचा आरोप? पहिल्या वर्षाचा वकीलही इथे उठून उभा राहील.

दुसरी खूण गावांच्या नावांवर. झाशी समजते. झाशीच्या राणीच्या मदतीला आलेल्या तात्यांच्या फौजेचा १ एप्रिल १८५८ ला बेतवेच्या काठी पराभव झाला. ग्वाल्हेरही समजतं. पण कानपूर कुठे आहे? तात्यांच्या नावाने इंग्रजांच्या पोटात जी आग होती ती कानपूरची, २७ जून १८५७ ला सतीचौरा घाटावर झालेल्या कत्तलीची. ज्यासाठी माणसाला फासावर द्यायचं मनात आहे ती गोष्ट आरोपात नाही, आणि जी आरोपात आहे तिच्यासाठी फाशी दिली.

तिसरी खूण तात्यांच्या जबाबावर. तो अगदी थोडका आहे. मी जे केलं ते माझ्या धन्याच्या हुकुमावरून केलं. काल्पी पडेपर्यंत नानासाहेब पेशव्यांच्या, त्यानंतर त्यांचे पुतणे रावसाहेब यांच्या. कोणत्याही युरोपियन पुरुषाच्या, बाईच्या किंवा मुलाच्या हत्येशी माझा संबंध नाही, आणि कोणाला फाशी द्यायचा हुकूम मी कधी दिला नाही. मला आणखी काही सांगायचं नाही.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. हत्येचा आरोप ठेवलेलाच नाही, मग हा माणूस हत्येचा इन्कार का करतो आहे?

रात्री उशिरा व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा काढून बसले. १ नोव्हेंबर १८५८ ला अलाहाबादेत वाचला गेला तो. कंपनीचं राज्य गेलं आणि राणीचं आलं, एवढंच त्यातलं आपल्या लक्षात राहतं. पण त्यात माफीच्या अटी आहेत. ब्रिटिश प्रजेच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष हात शाबीत होईल त्यांना दया नाही. मात्र जे उठावाचे पुढारी होते, चिथावणी देणारे होते, त्यांना प्राणांची तेवढी हमी आहे. शिक्षा होईल, जीव जाणार नाही. या अटी पाळायच्या १ जानेवारी १८५९ च्या आत.

आता तात्यांचा जबाब त्या अटींशेजारी ठेवून वाचा. पुढारी होतो, पण हुकमाचा बांधलेला, खुनी नव्हतो. मुदत तीन महिन्यांपूर्वी टळलेली होती, हे खरं. तरी माझं वाचन असं आहे, की ते समोरच्या पाटीवरच्या आरोपाला उत्तर देत नव्हते, समोरच्यांच्या राणीने जो शब्द दिला होता त्याला उत्तर देत होते. जंगलातून जंगलात पळत राहिलेला, घोड्यावर जेवणारा-झोपणारा म्हणून ज्याच्या गोष्टी आपण सांगतो, तो माणूस आपल्या बचावाची नेमकी जागा ओळखून तिथे चार वाक्यं ठेवतो आणि थांबतो. रात्रीचा दीड वाजला होता. मी भाच्याला फोन लावला आणि म्हटलं, तुझा थ्रिलर मिळाला. एक तारीख आहे, ती उलटून गेलीय, आणि आरोपीला ती माहीत आहे असं समजून आपण लिहायचं.

नंतरचे पंधरा दिवस एका शब्दात अडकले. जबाब आपल्यापर्यंत आला आहे तो इंग्रजीत, आणि त्यात नानासाहेबांसाठी शब्द आहे 'मास्टर'. पटकथेत मी आधी 'मालक' लिहिलं होतं. वाचन आमच्याच दिवाणखान्यात चालायचं. शहाऐंशी वर्षांची माझी आत्या पलंगावर भिंतीला टेकून ऐकत असायची. तिने एका संध्याकाळी हात वर केला. "मालक म्हणजे घराचा नाहीतर दुकानाचा. पेशव्यांना मालक कोण म्हणेल? श्रीमंत म्हणा." त्या एका शब्दाने सगळं वाक्य बदललं. 'श्रीमंतांचा हुकूम' म्हटल्यावर हा कोणा शेठजीचा नोकर उरत नाही. हा एका राज्याचा सेवक होतो, निदान स्वतःच्या मनात तरी.

आणि कायद्याचा खरा प्रश्न तिथेच आहे. बंड करायला आधी धनी लागतो. ज्याची चाकरी पत्करली, ज्याच्याशी इमान बांधलं, त्याच्याविरुद्ध उठणं म्हणजे बंड. तात्यांचा जन्म येवल्याचा, १८१४ च्या आसपासचा. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावांची सत्ता होती. ती गेली १८१८ ला. कंपनीचं मीठ खाल्लेला शिपाई आणि हा माणूस यांना एकाच शब्दात कसं बसवणार? त्या उठावाचा इतिहास लिहिणारा मॅलेसन स्वतः इंग्रज फौजेतला कर्नल, पण त्यानेही हेच विचारलं. तात्या इंग्रज राजवटीचे जन्मजात चाकर नव्हते, आणि पुढच्या पिढ्या हा निकाल उचलून धरतील की नाही याची शंका आहे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. शत्रूकडच्या माणसाची ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

आमच्या घरात मात्र अजूनही 'सत्तावन्नचं बंड' असंच म्हणतात. शेजारी हिंदीत 'गदर' म्हणतात. दोन्ही शब्द उच्चारले की सरकारी वकिलाचं अर्धं काम झालं. पटकथेत तो शब्द कोणी वापरायचा हे आम्ही ठरवून टाकलं. आरोप वाचणारा वापरेल, दुभाषी वापरेल. तात्या 'लढाई' म्हणतील.

हे बोलताना ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला एक अवघड जागा लागतेच. १ जून १८५८ ला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे फौज घेऊन तात्यांच्या आणि झाशीच्या राणीच्या समोर गेले, आणि फौजच पलीकडे जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याला गेले. मग त्या फौजेतल्या शिपायांचं काय? कंपनीच्या दृष्टीने नाही, पण शिंद्यांच्या दृष्टीने ते बंडखोर ठरतात का? श्रीमंत मोठे की महाराज? आमचा एक पूर्वज त्या फौजेत होता असं आत्या सांगते. तो कोणत्या बाजूला राहिला ते विचारलं, की ती पदर सावरते आणि गप्प बसते. आमच्या एका नटाच्या घरी चार पिढ्यांची दरबारी नोकरी. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ग्वाल्हेरचा उल्लेख काढता नाही येणार?" म्हटलं, आरोपातच आहे, कसा काढू? दोन तालमींना तो आला नाही. नंतर आला आणि म्हणाला, मला दुभाषी द्या. अधिकाऱ्यांचं तात्यांना आणि तात्यांचं अधिकाऱ्यांना सांगणारा माणूस. त्याने तीच भूमिका मागावी, यावर मी काही बोलले नाही. लगेच दिली.

मार्चमध्ये आम्ही शिवपुरीला जाऊन आलो. घाटीगाव, मोहना मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला. तात्यांच्या स्मारकाशी थांबलो, पुतळ्याला हार घातला. चित्रीकरण तिथे करायचं नव्हतंच. मला फक्त उजेड बघायचा होता, एप्रिलच्या तोंडावर तिथे संध्याकाळ कशी होते तेवढं.

परतताना काकांना फोन केला तर ते म्हणाले, "शिवपुरीला आहात ना? ढिल्लन त्याच भागात राहायचे." मी गाडी बाजूला घ्यायला लावली. आझाद हिंद सेनेचे कर्नल गुरुबक्षसिंग ढिल्लन. लाल किल्ल्यातल्या कोर्ट मार्शलचे तीन आरोपी: शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि ढिल्लन. नोव्हेंबर १९४५ मध्ये तो खटला सुरू झाला. आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. बचावाला भुलाभाई देसाई उभे राहिले, आणि त्यांनी जे मांडलं ते नेमकं हेच. गुलाम देशाच्या लोकांना आपल्या सुटकेसाठी युद्ध करायचा हक्क आहे, त्यांचं स्वतःचं सरकार होतं, त्याची फौज होती, म्हणून ही बेइमानी नव्हे. तात्यांच्या चार वाक्यांत जे बीज होतं, ते शहाऐंशी वर्षांनी एका वकिलाने भर कोर्टात उलगडून दाखवलं. कोर्टाने तरीही दोषीच ठरवलं, काळ्या पाण्याची जन्मठेप दिली. पण शिक्षा कायम करायला कागद वर गेले, तेव्हा बाहेर सगळा देश पेटलेला होता, आणि सरसेनापती ऑकिनलेक यांनी १९४६ च्या जानेवारीत ती जन्मठेप माफ केली. तिघं सुटले. मी सोपस्कार म्हणून टिपलेलं ते कलम! त्या दारातून तीन माणसं जिवंत बाहेर आली होती.

आणि त्या तिघांपैकी एकाने उरलेलं आयुष्य काढायला शिवपुरीची माती निवडली. २००६ साली त्यांचं निधन झालं. तोवर मी वकिली सुरू केली होती, दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहत होते, आणि एकदाही जाऊन भेटले नाही. हे मला अजून लागतं.

चित्रीकरण मेमध्ये, दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात, दोन दिवस. पंखा लावला की माईकमध्ये घरघर यायची, म्हणून पंखे बंद. लू वाहत होती, लोकरी कोट घातलेले 'इंग्रज' घामाने निथळत होते. त्यात समोरून वरात गेली, तेव्हा पाऊण तास बसून राहावं लागलं.

तात्यांचं काम करणारे बँकेत कॅशियर आहेत, आवाज खणखणीत. पहिल्या सहा टेकमध्ये त्यांनी जबाब असा दिला, की अंगणातली कबुतरं उडाली. भाच्याला चालत होतं. मला नव्हतं. मी त्यांना बाजूला नेऊन माझ्या एका अशिलाचं सांगितलं. कैदेत वर्षं काढलेला माणूस. न्यायाधीशांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? तो बाजारभाव सांगावा तसा बोलला. दोन वाक्यं. कारण तिसऱ्या वाक्याला आवाज फुटेल हे त्याला माहीत होतं.

सातव्या टेकला ते स्टुलावर बसले. मान खाली नाही, वर नाही. रोकड मोजून देताना बोलतात तसे बोलले. काल्पीपर्यंत श्रीमंत नानासाहेबांचा हुकूम. बोट दुमडलं. काल्पीनंतर रावसाहेबांचा. दुसरं बोट. मग पुरुष, बाई, मूल, एकेक शब्द वेगळा ठेवत. दुभाष्याने ते हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि 'श्रीमंत' या शब्दापाशी तो थबकला. हिंदीत काय म्हणायचं ते संहितेत लिहिलेलं होतं, त्याला पाठ होतं. तरी थबकला, पाच चेहऱ्यांकडे बघितलं, आणि 'श्रीमंत' असंच म्हणाला. कोणी कट म्हटलं नाही. फिल्ममध्ये ते तसंच आहे.

चौतीस मिनिटांची झाली. पहिल्यांदा काकांना दाखवली. त्यांनी एकदा पाहिली, काही न बोलता चहा घेतला आणि आरोप वाचतात ती जागा पुन्हा लावायला सांगितली. जानेवारी १८५७ हे शब्द आले तसा त्यांनी हात वर करून लॅपटॉप थांबवायला लावला.

"इथे आक्षेप कोणीच घेतला नाही?"

"आमच्या फिल्ममध्ये कोणी नाही, काका."

"तू असतीस तर?"

"तारीख वाचून पूर्ण व्हायच्या आत उठले असते."

"मग पुढचं लाव," ते म्हणाले, आणि खुर्ची जरा जवळ ओढून घेतली.